मोटारसायकलचं मागचं चाक घरच्या घरी: काढायचं कसं, बसवायचं कसं

मागचं चाक काढणं म्हणजे एक एक्सल (चाकाच्या मधून आरपार जाणारा दांडा), एक ब्रेक रॉड (पेडलपासून मागच्या ब्रेकपर्यंत जाणारी सळई) आणि ब्रेक प्लेट, म्हणजे ब्रेकच्या ड्रमचं झाकण, धरून ठेवणारी एक पट्टी. एवढंच. ज्याला पाना नीट धरता येतो त्याला चाक काढता येतं. खरं काम सुरू होतं ते परत बसवताना. काढलेलं चाक तुम्ही स्वतः बसवणार, त्याच गाडीवर घरच्या माणसाला मागं बसवणार आणि सोलापुरातल्या सात रस्ता चौकाच्या गर्दीत ब्रेक दाबणार. म्हणून या लेखात काढण्यापेक्षा बसवण्यावर जास्त लिहिलंय, आणि तुम्हीही जास्त वेळ तिथंच द्या.

सगळं वर्णन १०० ते १२५ सीसीच्या, मागं ड्रम ब्रेक असलेल्या गाड्यांचं आहे. स्प्लेंडर, एचएफ डिलक्स, शाईन, प्लॅटिना वगैरे. सोलापुरात कुठल्याही गल्लीत उभं राहा, दहातल्या बऱ्याच गाड्या याच असतात. मागं डिस्क असेल तर शेवटी वेगळं लिहिलंय, तेही वाचा. स्कूटरचं प्रकरण मात्र पूर्ण निराळं आहे, ते इथं नाही.

१. आधी ठरवा, चाक काढायची गरज आहे का?

पंक्चर झालं म्हणून चाक काढायला बसू नका. ट्यूबलेस टायरचं पंक्चर चाक जागेवर ठेवूनच निघतं. ट्यूबवाल्या टायरचंसुद्धा पंक्चरवाला चाक न काढता, टायरची एक बाजू रिमवरून उतरवून ट्यूब बाहेर ओढतो. त्या कामाला त्याच्याकडेच जा.

चाक काढावं लागतं ते मागचे ब्रेक लायनर (ड्रमला आतून घासणारं अस्तर) बदलायला, हबमधले, म्हणजे चाकाच्या मधल्या भागातले रबर बदलायला, बेअरिंग बघायला, नवा टायर टाकायला किंवा स्पोक ओढून घ्यायला. यातलं नक्की काय आहे हे चाक जागेवर असतानाच बरंचसं कळतं:

- ब्रेक पूर्ण दाबून ड्रमवरच्या ब्रेक आर्मजवळचा (ब्रेक रॉड ज्याला अडकतो ती पट्टी) छोटा बाण बघा. तो प्लेटवरच्या खुणेपर्यंत पोचला असेल तर लायनर संपले. खूण धुळीनं भरलेली असते, आधी पुसा.
- ॲक्सिलरेटर सोडताना-देताना मागून खट्ट असा झटका बसत असेल आणि चेन नीट ताणलेली असेल, तर हबमधले रबर गेलेत.
- डबल स्टँडवर लावून चाक वरून आणि खालून धरा, आडवं हलवा. खेळ, म्हणजे सैलपणा, लागला तर बेअरिंगचा संशय घ्या. पण कधी कधी तो खेळ चिमट्याच्या (मागचं चाक ज्यात बसतं तो दुहेरी दांडा, स्विंगआर्म) बुशचा असतो. तेव्हा चाकाबरोबर चिमटाही हलतो. बुशचं काम घरी करू नका.

गाडी नवी असेल, वॉरंटीत असेल, तर सरळ सर्व्हिस सेंटरला न्या. पाच-पंचवीस रुपये वाचवायला वॉरंटीचं भांडण अंगावर घेऊ नये.

२. जागा आणि वेळ

एप्रिल-मे महिन्यात हे काम सकाळीच उरकायचं. ऊन चढलं की अंगणात पडलेला पाना हातात धरवत नाही आणि माणूस घाई करायला लागतो. घाईत वायसर (वॉशर) हरवतो. संध्याकाळी करायचं तर उजेड जायच्या दोन तास आधी सुरू करा. मोबाईलच्या टॉर्चवर स्प्लिट पिन (नट सुटू नये म्हणून बोल्टात घालून वाकवायची दोन पायांची पिन) बसवायला जाऊ नका.

जमीन सपाट आणि घट्ट हवी. जुन्या घरांच्या अंगणात शहाबादी फरशी असते. दिसायला उत्तम, पण तिच्यावर डबल स्टँड सरकतो, विशेषतः फरशी ओली असेल तर. खाली गोणपाटाची घडी टाका. होटगी रोड, विजापूर रोडकडच्या नव्या वस्त्यांत अजून काळी मातीच आहे. तिथं पावसाळ्यात स्टँडचा पाय आत रुततो आणि गाडी कलते. तिथं जाड फळी लागेल. फळी तशीही लागणारच आहे, कारण पुढं येईल.

आदल्या दिवशी गाडी धुवून घ्या. आपल्याकडं पाणी रोज येत नाही, तेव्हा नळाला पाणी येईल त्या दिवशीच हे जमवा. नाहीच जमलं तर निदान मडगार्डच्या आतली आणि चिमट्यावरची माती लाकडाच्या काडीनं खरवडून काढा. नाहीतर एक्सल ओढताना तीच माती हबमध्ये जाते.

३. सामान

पाने एकदाच चांगले घ्या. स्वस्तातला पाना नटाचे कोपरे खातो, आणि मग त्या नटापुढं मिस्त्रीसुद्धा हात टेकतो.

- रिंग पाने आणि फिक्स पाने: १०, १२, १४, १७, १९, २२ आणि २४ नंबर. सगळे लागणार नाहीत, पण तुमच्या गाडीला कुठले लागतात हे आधीच लावून बघा. एक्सलच्या दोन्ही टोकांना दोन पाने एकाच वेळी लागतात, हे लक्षात ठेवा. स्क्रू पान्यावर एक्सल उघडू नका.
- पक्कड, एक पातळ आणि एक जाड स्क्रू ड्रायव्हर.
- लाकडी किंवा रबरी हातोडा. नसेल तर साधी हातोडी आणि लाकडाचा तुकडा.
- एक्सल मागून ढकलायला लांब जुना बोल्ट किंवा एक्सलपेक्षा बारीक सळई.
- दीड-दोन इंची जाड, स्टँडचे दोन्ही पाय मावतील एवढी रुंद फळी.
- नव्या स्प्लिट पिना. दुकानात अगदी किरकोळ किमतीत मिळतात, दोन-तीन आणून ठेवा.
- ग्रीस थोडं, बारीक पॉलिश पेपर, सुतळी, एक वीट.
- सुटे भाग ठेवायला जुनं ताट. ताटाखाली जुनं वर्तमानपत्र.
- पुसायला कापड. सोलापुरात टॉवेलच्या जुन्या तुकड्यांची कमी नाही. हात आणि चिमटा पुसायला ते मस्त. पण ड्रमच्या आत आणि बेअरिंगजवळ टॉवेल फिरवू नका, त्याचे धागे सुटून ग्रीसमध्ये अडकतात. तिथं जुन्या धोतराचं किंवा पंचाचं कापड वापरा.

कागदपत्रांपैकी एकच लागतं: गाडीबरोबर आलेलं मालकासाठीचं पुस्तक. चेनचा ढिलेपणा, टायरची हवा, पेडलचा खेळ हे आकडे त्यात असतात आणि मॉडेलप्रमाणे बदलतात. पुस्तक हरवलं असेल तर कंपनीच्या संकेतस्थळावर बहुतेक मॉडेलचं मिळतं.

जमलं तर एक मदतनीस घ्या. घरातला पुतण्या, शेजारचा कुणीही. त्याचं काम फक्त गाडी धरणं आणि ताटाला पाय लागू न देणं.

४. फोटो काढा, खुणा करा

पाना लावायच्या आधी मोबाईलवर दोन्ही बाजूंचे फोटो काढा. डाव्या बाजूचं एक्सलचं टोक, चेनचा ॲडजस्टर (चेन ताणायचा किंवा ढिली करायचा भाग), उजव्या बाजूचा ब्रेक आर्म, टॉर्क रॉड (ब्रेक प्लेट धरून ठेवणारी ती पट्टी). जवळून काढा, वायसर कुठल्या क्रमानं आहेत ते दिसलं पाहिजे.

चेन ॲडजस्टर चिमट्यावर ज्या रेघेवर आहे, तिथं नेलपॉलिशचा ठिपका द्या. मार्करची खूण ग्रीसनं पुसली जाते, नेलपॉलिश राहतं. दोन्ही बाजूंना. टायरवर फिरायच्या दिशेचा बाण आहे का तेही बघून ठेवा.

आता डाव्या बाजूला, चेनच्या अंगाला नीट बघा. एक्सलच्या ठिकाणी एक लहान आणि त्याला लागून एक मोठा असे दोन नट दिसत असतील, तर मोठा नट स्लीव्हचा, म्हणजे एक्सलभोवतीच्या नळीचा आहे. मागचं चेन सॉकेट (चेन ज्यावर फिरते ते दातेरी चक्र) त्या स्लीव्हवर चिमट्याला धरून राहतं. म्हणजे चाक काढताना चेन उतरवायची गरज नाही. नुसतं चाक सॉकेटपासून सुटून बाजूला येतं. आपल्याकडच्या १०० सीसी गाड्यांची ही मोठी सोय आहे. मोठ्या नटाला हात लावू नका. नवशिका हमखास तोच आधी उघडतो, मग सॉकेट लोंबकळतं, चेनची लाईन जाते आणि पंधरा मिनिटांच्या कामाला दुपार लागते.

एकच नट असेल तर तुमच्या गाडीचं चाक सॉकेटसकट निघतं. मग ॲडजस्टर ढिले करून चाक पुढं सरकवायचं आणि चेन सॉकेटवरून उतरवायची. बाकी क्रम जवळजवळ तोच.

५. एक्सलचा नट आधी जमिनीवरच हलवून घ्या

इंजिन आणि सायलेन्सर थंड होऊ द्या. मग गाडी साईड स्टँडवर, दोन्ही चाकं जमिनीवर असतानाच एक्सलचा नट थोडा ढिला करून घ्या. डबल स्टँडवर चढवून जोर लावला तर गाडी स्टँडवरून पुढं उतरते, आणि ती उतरते तेव्हा तुम्ही खाली बसलेले असता.

नट कुठल्या बाजूला आणि एक्सलचं डोकं कुठल्या, हे मॉडेलवर आहे. डोक्याला एक पाना अडकवा, मदतनीसाला धरायला द्या. नटाकडं तोंड करून बसा, पान्याचा दांडा तुमच्या डाव्या हाताला आडवा येईल असा लावा आणि खाली दाबा. नट सुटतो. गंजलेला असेल तर आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल दोन थेंब सोडून ठेवा. थेंब म्हणजे थेंबच. स्प्रे मारत सुटलात तर ते तेल ड्रममध्ये उतरतं आणि लायनर कामातून जातात.

नट ढिला झाला की हातानं परत टेकवून ठेवा. आता डबल स्टँडखाली फळी घालून गाडी चढवा. पुढच्या चाकाला वीट लावा आणि पुढच्या ब्रेकचा लिव्हर दाबून सुतळीनं हँडलला बांधून टाका. गाडी हलत नाही ना, हे मागून ढकलून बघा.

फळी कशासाठी? नुसत्या डबल स्टँडवर मागचं चाक जमिनीपासून जेमतेम वर उचललं जातं. एक्सल निघाल्यावर टायर मडगार्ड आणि जमीन यांच्यात अडकतो. मग लोक गाडी एका अंगाला कलती करून चाक ओढतात. दोन माणसं सवयीची असतील तर ते जमतं. पहिल्यांदा करणाऱ्यानं फळी घालावी.

६. ब्रेक रॉड सोडवा

ब्रेक रॉडच्या टोकाला ॲडजस्टिंग नट असतो. तो पूर्ण काढा आणि पेडल हलकं दाबा, रॉड पुढं सरकून आर्ममधून बाहेर येईल. आर्मच्या भोकातली गोल पिन लगेच खाली पडते आणि गडगडत जाते, तेव्हा हात खाली धरा. रॉडवरची स्प्रिंग, ती पिन आणि नट, तिन्ही रॉडवरच परत ओवून नट दोन आटे फिरवून ठेवा. ताटात टाकण्यापेक्षा हे बरं.

७. टॉर्क रॉड

ब्रेक प्लेटपासून चिमट्याकडं जाणारी लोखंडी पट्टी म्हणजे टॉर्क रॉड. हिचं काम समजून घ्या. ब्रेक दाबला की शू (लायनर ज्यांच्यावर असतात ते अर्धगोल तुकडे) ड्रमला धरतात आणि ड्रम ब्रेक प्लेटलाही आपल्याबरोबर फिरवायला बघतो. प्लेटला फिरू न देणारी ही एकच पट्टी. हिचा बोल्ट बसवायचा राहिला किंवा चालताना गळून पडला, तर पहिल्याच जोराच्या ब्रेकला प्लेट फिरते, रॉड वाकतो आणि चाक जागीच जाम होऊ शकतं. चालत्या गाडीचं.

बोल्टातली स्प्लिट पिन पक्कडीनं सरळ करून ओढा आणि फेकून द्या. तीच परत वापरायचा मोह होऊ नये म्हणूनच फेकून द्या. मग नट, वायसर, बोल्ट काढा. प्लेटकडचं टोक सोडलं की पुरे, चिमट्याकडचं तसंच राहू दे.

८. एक्सल ओढा

नट काढा, वायसर ताटात. आता एक्सलच्या आट्याच्या टोकावर लाकूड ठेवून हलके ठोके द्या. आट्यांवर थेट लोखंडी हातोडी मारलीत तर टोक पसरतं आणि नट परत चढत नाही. एक्सल आत गेला की सळईनं मागून ढकला आणि दुसऱ्या बाजूनं फिरवत फिरवत ओढा.

एक्सल अडत असेल तर ठोके वाढवू नका. चाकाचं वजन त्याच्यावर लोंबत असतं. टायरखाली पायाची चवड किंवा लाकूड घालून चाक किंचित उचला, एक्सल आपोआप सुटतो. काही गाड्यांत बाहेर येताना त्याला सायलेन्सर आडवा येतो. तेव्हा सायलेन्सरचा मागचा बोल्ट ढिला करून तो थोडा खाली घ्यावा लागतो.

एक्सल निघताना चेनचा ॲडजस्टर आणि ब्रेकच्या बाजूची कॉलर (एक्सलवरची छोटी नळी) खाली पडतात. इथं थांबून बघा. कॉलरचं एक टोक दुसऱ्यापेक्षा वेगळं असू शकतं, कुठलं टोक चाकाकडं होतं ते लक्षात घ्या. डावं-उजवं वेगवेगळं ठेवा, ताटात ज्या क्रमानं निघालं त्याच क्रमानं मांडा.

९. चाक बाहेर

ब्रेक प्लेट ड्रममधून बाजूला ओढून काढा. चाक दोन्ही हातांनी धरून ब्रेकच्या बाजूला सरकवा, म्हणजे ते हबच्या रबरांतून सुटेल. जुन्या गाडीत रबर चिकटून बसलेले असतात. टायर धरून थोडं डावी-उजवीकडं हलवत राहा, सुटतं. सॉकेट आणि हबच्या फटीत स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटू नका, ॲलॉयचा कडा तुटतो आणि मग नवं चाक.

सुटलं की मागं, खाली ओढून घ्या. चेन आणि सॉकेट चिमट्यालाच राहिलेले दिसतील. त्यांच्यावर एक कापड टाकून ठेवा.

टायर बदलायला चाक दुकानात नेत असाल तर ब्रेक प्लेट, कॉलर, ॲडजस्टर घरीच ठेवा. दुकानात सुटी कॉलर गेली की परत येईलच असं नाही. टायरवाल्याला फिरायची दिशा सांगा, आणि टायर चढवून झाल्यावर बाण स्वतः बघा.

१०. चाक बाहेर आहे तोवर बघून घ्या

ड्रममधली काळी धूळ तोंडानं फुंकू नका. ती फुप्फुसात जाण्यासारखी वस्तू नाही, जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉसही असायचं. नाकावर रुमाल बांधून ओल्या कापडानं पुसा आणि ते कापड टाकून द्या.

लायनरची जाडी बघा. २ मिमीच्या आसपास आली असेल तर बदला, दोन्ही शू एकदम, जमलं तर स्प्रिंगांसकट. शू काढायला आणि बसवायला हत्यार लागत नाही. दोन्ही शू स्प्रिंगांसह हातात धरून, पुस्तक अर्धवट मिटवावं तसे उचलायचे, एक टोक प्लेटवरच्या खिळीवर आणि दुसरं कॅमवर (ब्रेक आर्मबरोबर फिरून शू फाकवणारा भाग) टेकवायचं आणि खाली दाबायचं. कॅमच्या दांड्याला ग्रीसचा अगदी पातळ हात द्या. लायनरला ग्रीसचं बोट लागता कामा नये. लायनर चकचकीत झाले असतील पण जाडी शिल्लक असेल, तर पॉलिश पेपर फिरवून चकाकी घालवा. ड्रमच्या आत नख फिरवा. खोल चर लागले तर ड्रम मिस्त्रीला दाखवा.

हबचे रबर दाबून बघा. तडे गेले असतील, आकार गेला असेल तर नवा संच टाका. स्वस्त वस्तू आहे, आणि यासाठी परत चाक काढायचा कंटाळा येतो. बेअरिंगच्या आतल्या कड्यात बोट घालून फिरवा. खरखर लागली, अडकलं, तर बदलायची वेळ झाली. नंबर बेअरिंगवरच कोरलेला असतो. पण बेअरिंग ठोकून काढणं-बसवणं मी तरी मिस्त्रीकडंच करून घेतो. वाकडं बसलं तर हबच वाया जातं.

सॉकेटचे दात एका बाजूला झुकून टोकदार झाले असतील तर नुसतं मागचं सॉकेट बदलून उपयोग नाही. चेन, पुढचं आणि मागचं सॉकेट, तिन्ही एकदम.

११. परत बसवणं

एक्सल पुसून त्याला ग्रीसचा पातळ हात द्या. रबर जागेवर आहेत ना बघा. चाक चिमट्यात घ्या, रबरांच्या खाचा सॉकेटच्या हबकडच्या बाजूला पुढं आलेल्या खुंट्यांशी जुळवा आणि ढकला. पूर्ण आत गेलं पाहिजे. बोटभर फट राहिली असेल तर एक्सलचा नट आवळून ती ओढून घेऊ नका, चाक परत बाहेर काढून जुळवा.

ब्रेक प्लेट ड्रममध्ये बसवा, मग कॉलर, ॲडजस्टर, आणि एक्सल ज्या बाजूनं निघाला त्याच बाजूनं आत. वायसर आणि नट हातानं. अजून आवळू नका.

आता टॉर्क रॉड. बोल्ट, वायसर, नट, आणि नवी स्प्लिट पिन, दोन्ही पाय दोन बाजूंना वाकवून. हे झाल्याशिवाय एक्सलकडं वळायचं नाही. मी तर पिन वाकवून झाली की तिचा फोटो काढतो. रात्री झोपताना शंका आली तर बघता येतो.

मग ब्रेक रॉड. स्प्रिंग, आर्ममध्ये गोल पिन, रॉड पिनच्या भोकातून, आणि नट. नटाची खोलगट बाजू पिनवर बसली पाहिजे. उलटा बसवला तरी तो बसतो, पण नंतर हलत राहतो.

दोन्ही ॲडजस्टर नेलपॉलिशच्या ठिपक्यावर आहेत का बघा. पेडल मदतनीसाला दाबून धरायला सांगा आणि दाबलेलं असतानाच एक्सलचा नट आवळा. यानं शू ड्रमच्या मधोमध बसतात आणि नंतर ब्रेक एका बाजूला घासत नाही. गल्लीतल्या अनुभवी लोकांनाही ही गोष्ट ठाऊक नसते, सांगून बघा.

किती आवळायचं? पुस्तकातला आकडा टॉर्क पान्यावर (किती जोरानं आवळलं ते दाखवणारा पाना) मिळतो, तो घरी बहुधा नसतो. नेहमीच्या लांबीच्या रिंग पान्यावर एका माणसाचा भरपूर जोर द्या. पान्याला पाईप जोडून लटकायचं नाही, आटे जातात. त्याच दिवशी ओळखीच्या मिस्त्रीकडून टॉर्क पान्यावर तपासून घेतलं तर उत्तम.

चेनचा ढिलेपणा खालच्या बाजूला मधोमध बोटानं वर-खाली करून बघतात. या गाड्यांत साधारण २० ते ३० मिमी, नक्की आकडा पुस्तकात. पूर्ण चेनकव्हर असेल तर त्याचं रबरी बूच काढून बघा. चाक थोडं थोडं फिरवून तीन-चार ठिकाणी मोजा, चेन सगळीकडं सारखी ताणलेली नसते. चाक फिरवताना बोटं चेन आणि सॉकेटच्या मधून लांब. आणि गाडी चालू करून, गिअर टाकून चेन पुसायची जी पद्धत आपल्याकडं सर्रास दिसते, ती कधीच नको. बोटांची टोकं अशीच जातात.

पेडलचा मोकळा खेळ ब्रेक रॉडच्या नटानं लावा, साधारण २० ते ३० मिमी. चाक हातानं फिरवलं तर मोकळं फिरलं पाहिजे, पेडल दाबताच थांबलं पाहिजे. शेवटी ब्रेक लाईट. खेळ बदलल्यामुळं ती सतत पेटलेली राहते किंवा पेटतच नाही. पेडलजवळच्या स्विचचा नट फिरवून ती जुळवा.

ताटात काही उरलंय का? जुनी स्प्लिट पिन सोडून काहीही उरलं असेल तर फोटो उघडा आणि परत बसा.

१२. रस्त्यावर

लिव्हरची सुतळी सोडा, वीट काढा, हवा भरा. आधी गाडी ढकलत ब्रेक दाबून बघा. मग गल्लीतच, पहिल्या गिअरमध्ये. मागून कुरकुर, चेनचा खटखटाट, गाडी एका बाजूला ओढणं, यातलं काही जाणवलं तर तिथंच थांबा. नवे लायनर सुरुवातीला कमी धरतात, हे धरून चाला. दुसऱ्याच दिवशी तुळजापूरचा घाट किंवा पंढरपूरचा रस्ता धरू नका. शहरातच वीस-तीस किलोमीटर फिरवा, मग एक्सल आणि टॉर्क रॉडचे नट पुन्हा पान्यानं तपासा. पेडलचा खेळही पुन्हा लावावा लागतो, कारण नवे लायनर ड्रमला बसत जातात.

मागं डिस्क असेल तर

ब्रेक रॉडचा भाग वगळा. कॅलिपर (डिस्कला दोन्ही बाजूंनी पकडणारा भाग) मोकळा होत असेल तर त्याला ब्रेक ऑईलच्या नळीवर लोंबकळू देऊ नका, सुतळीनं चिमट्याला बांधा. चाक बाहेर असताना पेडलला कुणाचाही पाय लागता कामा नये, पिस्टन बाहेर येतात. दोन पॅडमध्ये पुठ्ठ्याची घडी घालून ठेवा आणि पेडलवर कापड बांधा. डिस्कला ग्रीसचा हात लावू नका. एबीएस (ब्रेक लावताना चाक जाम होऊ न देणारी सोय) असेल तर चाकाजवळच्या सेन्सरची वायर ताणली जाणार नाही हे बघा. बसवताना डिस्क दोन पॅडच्या मधून अलगद घाला, आणि गाडीवर बसायच्या आधी पेडल घट्ट लागेपर्यंत पुन्हा पुन्हा दाबा. पहिल्या काही दाबांना ब्रेक लागतच नाही. ते अंगणात कळलेलं बरं.

डबल स्टँडच नसलेल्या गाड्यांना पॅडॉक स्टँड (मागचं चाक उचलून धरणारा वेगळा स्टँड) लागतो. विटांच्या थप्पीवर किंवा चिमट्याखाली जॅक लावून हे काम करायला जाऊ नका. ओळखीच्या गॅरेजवाल्याला विचारा, बरेचजण त्यांच्याच दारात तासभर स्टँड वापरू देतात.